पंचवीस फूट, दीड लाडू

“हॅलो?”

“हॅलो! कोन बोलतंय? … जरा मोठ्यानं बोल, हितं पान्याची मोटर चालू हाय.”

“न्हाई, न्हाई, आमाला काय नगं. रिचार्ज नगं, इमा नगं, गुडघ्याचं तेल बी नगं… व्हय, मीच लंकाबाई. माझं नाव कुनी सांगितलं तुला?”

“कोन? … सुमैरा? … आगं बया, सावेडीच्या दवाखान्यातली सुमैरा! घड्याळवाली! मग आधी सांगायचं न्हाई का? मी आत्ता कापनारच व्हते फोन… म्हंजी मला कापता येत न्हाई, पन कापायला लावनार व्हते.”

हे मात्र खरं होतं. शेवगाव तालुक्यातल्या त्या घरात फोनची वाटणी ठरलेली होती. उचलायचा लंकाबाईंनी, कापायचा सुनेनं. बोटानं सरकवून उचलणं त्यांना जमायचं. पण कानाला लावला की काच काळीठिक्कर पडायची, आणि त्या काळ्या पाटीवर नेमकं कुठं दाबायचं हे गोरखनं, म्हणजे त्यांच्या लेकानं, सतरा वेळा सांगूनही त्यांना येत नव्हतं. खरं म्हणजे त्यांनी शिकून घेतलं नव्हतं. सून असताना सासूनं फोन कापायचा म्हणजे काय? बोलणं संपलं की त्या हाळी द्यायच्या, “दिपाली, ये गं, फोन काप!” आणि दिपाली असेल तिथून उठून यायची. गेली दोन वर्षं ती येऊन पोचेपर्यंत समोरच्या माणसाला या घरातलं इकडचं तिकडचं सगळं ऐकू जायचं.

“बोल पोरी, बोल. … आजी? आजी कुनाला म्हनतीस? माझा एक तरी केस… बरं, हायेत पांढरे. पन मावशी म्हन. … हां, आसं.”

“आगं मीच तुला फोन लावायला सांगनार व्हते. परवा शनवारी मी आले न्हाई, शिंगनापूरला दर्शनाला गेल्ते. गोरख घिऊन आल्ता न्हवं तिला? मग? कशी चालली माझी सून? … थांब, थांब, ती मोटर बंद करते, मला नीट ऐकू दे. … हां. आता सांग. पैला लंबर आला आसंल.”

दिपालीला एमएस होता. त्या दोन अक्षरांमागचं लांबलचक नाव लंकाबाईंच्या जिभेवर कधी बसलं नाही, पण आजार त्यांना बरोबर कळला होता. मेंदूकडून पायाकडं जाणाऱ्या ज्या तारा असतात, त्यांच्यावरचं वेष्टण शरीरच कुरतडतं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदरांनी अशीच कुरतडली होती. मोटर धड, पाणी मुबलक, पण बटन दाबलं की नुसती घुरघुर. दिपालीचे पाय तसे झाले होते. महिन्यामागं डॉक्टरांनी चालण्यासाठी एक गोळी लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, मधे बारा तास, आणि मोडून द्यायची नाही. गोळी लागू पडते का नाही हे कळायला सुमैराकडं एक परीक्षा होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, मधे पंचवीस फूट. या पट्टीवरून त्या पट्टीपर्यंत जमेल तितकं भरभर चालायचं, आणि सुमैरानं घड्याळ लावायचं. गोळीच्या आधी एकदा, आणि महिन्यानं पुन्हा एकदा, दर वेळी दोन खेपा.

“किती? … साडेआकरा. … आन महिन्यामागं किती व्हतं? … नऊ.”

“मग वाढलं की गं! … आगं मी दुसरी यत्ता शिकलेली बाई हाय, नवापेक्षा साडेआकरा जास्ती आसत्यात एवढं मला… काय?”

“कमी व्हायला पायजे व्हतं?”

“थांब जरा. … म्हंजी ह्ये गुन न्हाईत. ह्यो येळ हाय. … जास्ती येळ लागला तिला.”

लंकाबाई हातातली खराट्याची काडी मोडत पायरीवर बसल्या.

“मग डाक्टर काय म्हनत्यात? … बंद? … गोळी बंद? … आजच?”

“आगं आसं कसं बंद? देवाचा परसाद हाय का, वाटला वाटला, संपला संपला? … व्हय… व्हय, ऐकतीय… फायदा न्हाई तर उगाच कशाला… झटके? कुनाला झटके यायची भीती? … न्हाई, तिला न्हाई आला एक बी. … व्हय, कळतंय मला. गुन न्हाई आन वर जोखीम. कळतंय. पन गुन हाय ना!”

“तुझं घड्याळ बिघडलं आसंल. … आगं बिघडतंय! आमच्या गोरखचं बिघडलंय. … मग फरशी. फरशी पुसली व्हती का त्या दिशी? वल्ल्या फरशीवर कोन चालंल? … मग चपला. नव्या चपला घातल्या व्हत्या तिनं. … अनवानी चालली? … बरं.”

“मग गोरखनं तिला वाटंत काय खायला घातलं आसंल. त्यो नेवाश्याला थांबल्याबिगर ऱ्हात न्हाई… आगं शेवगावहून नगरला नेवासा लागत न्हाई ह्ये मला म्हाईत हाय, पन त्याला म्हाईत न्हाई!”

सुमैरा हसली असावी, कारण लंकाबाईंचा चेहरा आणखी ताठ झाला.

“हसू नगंस. मी सांगते त्ये ऐक. दोन वरसं झाली, ह्या घरात दूध उतू जातंय. रोज. मी गॅसवर ठेवायची, ती हौदापशी आसायची. ‘दूध बग गं’ म्हनलं की निघायची बिचारी. निघायची, भिताड धरायची, खांब धरायची, आन पोचंपोत्तर चर्र्… सगळं शेगडीवर. बोलायची सोय न्हाई. ह्या महिन्यात किती वेळा उतू गेलं म्हाईत हाय? एकदा. आन त्ये बी माझ्यामुळं, मी शेजारच्या रतनबाईसंगं बोलत बसल्ते.”

“आनि भाकरी उभ्यानं करती. आधी पाटावर बसून करायची. परवा तर दारातून फाटकापोत्तर गेली, मी बगतच ऱ्हायले, हात लावला न्हाई तिनं कशाला. गुन न्हाई म्हनं! तुझ्या पट्टीला डोळं हायेत का?”

“आं?”

“काय इचारलंस?”

“…पैल्या येळंला तिच्याबरूबर कोन चाललं व्हतं?”

अंगणात एक कोंबडी लंकाबाईंच्या पायाशी येऊन थांबली आणि त्यांनी हाकललं नाही म्हणून चकित होऊन तशीच उभी राहिली.

“हॅलो? … हॅलो? … आवाज येत न्हाई गं… तुझा आवाज येत न्हाई… रेंज गेली वाटतं… हॅलो…”

“काय? डाक्टरला सही करायला सांगती? … न्हाई, न्हाई, थांब! आली. रेंज आली. लख्ख ऐकू येतंय. डाक्टर किती वाजेपोत्तर हायेत? … एक. आन आत्ता? … साडेबारा झालं? … बरं. तू फोन धर. मी आत जाते.”

त्यांनी हौदाकडं पाहिलं. दिपाली पाठमोरी बसून भांडी घासत होती. लंकाबाई स्वयंपाकघरात आल्या, दार अर्धं लोटलं, आणि कुठलीही अवघड गोष्ट करायच्या आधी त्या जे करत आल्या होत्या ते त्यांनी केलं. मांडणीवरचा पितळी डबा खाली काढला.

“हां. मॅडम.”

“न्हाई, मॅडमच म्हनते आता. … मॅडम, त्या पैल्या दिशी व्हरांड्यात बाकड्यावर कोन बसलं व्हतं, तुमी बगितलं का? … आवो, ती निळ्या साडीतली. चष्मेवाली. … ती माझी इहीन. पुष्पावतीबाई. दिपालीची आई.”

“तुमाला वाटंल, मग काय झालं? तुमचं लगीन झालंय का? … न्हाई? मग तुमाला न्हाई कळायचं. लग्नात ह्या बाईनं धा बायांत माझ्याम्होरं सांगितलं व्हतं, ‘माझी लेक हरनावानी चालती.’ हरीन दिलंय त्यांनी! आन आता त्या बाकड्यावर बसून बगनार, माझ्या घरातली सून भिताड धरून चालतीय. काय म्हनंल? सासूनं खायाला घातलं न्हाई. सासूनं राबवून राबवून पाय मोडलं. … म्हनली न्हाई अजून. पन म्हनली आसती! तिच्या चष्म्यावरनं मला कळत व्हतं!”

“न्हाई, खात काय न्हाई मी. … सुपारी. … सुपारीच हाय.”

“तर तुमी काय सांगितलं व्हतं? ‘मावशी, पडू नये म्हनून मागं मागं चाला.’ सांगितलं व्हतं का न्हाई? … हां. तर मी मागं मागं चालले.”

“पदराखालनं.”

“हात.”

“…तिच्या कंबरंला. साडी खोचती न्हवं, तिथं. मुठीत धरलं आन…”

“आन नेली.”

लंकाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? आता खरंच रेंज गेली का? … आं? कशी नेली म्हंजी? आवो मी बारा वरसं ऊसतोड केलेली बाई. डोक्यावर मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढलेली. पन्नास किलोची सून मला जड हाय का? तुमी पट्टीपशी खाली मान घालून घड्याळात बगत व्हता. तुमचं काय चुकलं न्हाई. पदर मोठा व्हता.”

“त्याच दिशी दुसऱ्या खेपंला? … दुसऱ्या खेपंला जरा जास्ती रेटली. इहीनबाईनं चष्मा पुसून घातला व्हता.”

“हसताय का रडताय तुमी? … बरं, हसा. पन त्या डाक्टरला सांगू… सांगायचंच हाय? … त्यासाठीच इचारलं. बरं.”

“ती का न्हाई बोलली? … कोन, दिपाली? सासूम्होरं बोलती का ती! … न्हाई, बोलली. जीपमदी बसल्यावर बोलली. म्हनली, ‘आत्या, गोळी तुमालाच लिवून द्यायला पायजे व्हती, तुमीच चालल्या.’ आन तोंडाला पदर लावून हसत बसली नेवाश्यापोत्तर.”

खरं तर दिपाली आधी हसली होती आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली होती. ते लंकाबाईंनी सांगितलं नाही. त्यांनी डब्यातला लाडू मोडला.

“आजून? आजून काय? … कागद? कंचा कागद? … त्यो बारा सवालांचा?”

“व्हय. मीच सांगितली उत्तरं. तिला काय इचारायचं? घरची मोठी मी. … काय लिवलंय तुमच्याकडं? … सगळ्याला एक. … एक म्हंजी? … ‘काहीच अडचण न्हाई.’ … हां, आमच्या घरात कुनाला काय अडचन न्हाई, असं मी सांगितलं. परक्या मानसाला काय सांगनार?”

“जिना चढाया? आमाला माळवद न्हाई, जिना न्हाई, मग अडचन कशाची? … आन पळाया म्हनलात. आमच्या घरातली सून कशाला पळंल? पळलीच तर येष्टीमागं, आन येष्टीमागं पळायला गोरख हाय. … उभं ऱ्हायला? आमच्यात बसायला पाट हायेत.”

“… न्हाई. आता नीट सांगते. इचारा पुन्यांदा.”

सुमैरानं पुन्हा विचारलं. या खेपेला लंकाबाईंचा आवाज हळूहळू खाली आला. चुलीतला जाळ बसत जावा तसा.

“घरात चालताना आधार? … त्या येळंला… लई. पाच. पाचच लिवा. … बाहीर? बाहीर तर ती जायचीच न्हाई. हळदीकुंकवाला बोलावनं आलं तर मी सांगायची, तिचं डोकं दुखतंय. दोन वरसं तिचं डोकं दुखत व्हतं. … चालताना ध्यान? … म्हंजी पायाकडं बगावं लागतं का? … व्हय. सारखी खाली बगून चालायची. मला वाटायचं, सासूला मान देतीय.”

“… पाच लिवा त्याला बी.”

“आता? ह्या महिन्यात? … आता दोन. कुठं कुठं तीन. … न्हाई, आता वाढवून सांगत न्हाई. माझ्या गोरखची आन.”

मग सुमैरा बराच वेळ बोलली. लंकाबाई नुसत्या “हां… हां…” करत होत्या. एका “हां”ला त्यांचा हात डब्यावरच थांबला.

“काय म्हनलात? … गोळी थांबवायची? आवो मग एवढं सगळं मी कशापायी सांगितलं! माझी अब्रू तुमच्या व्हरांड्यात पसरून ठेवली, आन…”

“चार-पाच दीस? … आन मग पुन्हा पट्टीवर? … कुनी हात न लावता. … मग पुन्हा गोळी, आन पुन्हा पट्टी. … म्हंजी खरा आकडा मिळंल. … आन मग डाक्टर गोळी चालू ठेवत्याल? … आकडा बगून. … हां.”

“पन मॅडम, चार-पाच दीस म्हंजी ती पुन्हा भिताड धरनार. … तुमाला वाटतंय चार दीस. ती आत्ता कुठं ताठ चालाया लागली. कसं सांगू तिला मी, की तुझी सासू खोटं बोलली म्हनून तू पुन्हा रांग? … दुसरा काय उपाव न्हाई का? माझ्या सबदावर लिवा की. … सबद चालत न्हाई. आकडा पायजे.”

लंकाबाईंनी डब्यात पाहिलं. मग हौदाकडं. मग आवाज अगदी उतरवला, इतका की सुमैराला दोनदा “काय?” विचारावं लागलं.

“आकडा हाय माझ्याकडं.”

“सांगते. पन ह्ये फायलीत लिवायचं न्हाई. … लिवनार न्हाई म्हना. … मला शुगर हाय. शेवगावच्या डाक्टरनं गोड बंद केलंय, आन माझ्यावर पहारा ठेवलाय ह्या दिपालीला. आन इहीनबाई दर महिन्याला धाडत्यात लाडू. डिंकाचे. लेकीच्या अंगात ताकद यावी म्हनून. तूप कमी हाय, गूळ जाळलाय, पन… बरे हायेत. … व्हय. सुपारी न्हाई. लाडूच हाय.”

“तर हौदापासनं सैपाकघराच्या उंबऱ्यापोत्तर पंचवीस फूट. बरूबर. गोरखनं टेपनं मोजून खडूनं रेघ मारलीय, सराव करायला. आधी काय व्हायचं, ती हौदावरनं निघाली की फरफर आवाज यायचा. पाय घासत यायची न्हवं. त्यो आवाज आला की मी पैला लाडू सुरू करायची. त्यो व्हायचा. मग दुसरा अर्धा व्हायचा. मग तोंड पुसायचं, झाकन लावायचं, डबा वर ठेवायचा, आन मग ती यायची. दीड लाडू. पक्कं. वरीसभराचा हिसाब हाय.”

“आता? … आता कसला दीड! फरफर न्हाई, काय न्हाई. येती आन मागं उभीच. परवा अर्धा लाडू तोंडात आन ही म्हनती, ‘आत्या, आ करा.’ लहान लेकरागत! ह्या महिन्यात एक लाडू सरळ मला खाऊ दिला न्हाई त्या बाईनं. … हसा, हसा. पन दीडावरनं आर्ध्यावर आलं, ह्याला गुन म्हनायचं का न्हाई?”

“एक लाडू किती सेकंदाचा? … आवो कवळी हाय मला, कमीजास्त व्हतं.”

“आन खरं सांगू का… त्यो फरफर आवाज वाईट व्हता, पन त्यो आला की कळायचं, पडली न्हाई, येतीय. आता आवाज न्हाई म्हनून मीच दहा येळा दारातून वाकून बगते.”

“… व्हय. … व्हय, मॅडम. लाडवाचा कागदावर उपेग न्हाई, कळलं मला.”

“बरं. थांबवा चार-पाच दीस. मी सांगते तिला. माझ्या तोंडानं सांगते. दूध मी बगीन, फाटकाला मी जाईन, फोन… फोनचं बगू. … म्होरल्या सोमवारी आनायची? आनते. हात मागं बांधून येते म्हना. पदर खोचून येते.”

“आनि ऐका. त्या दिशी बाकडं रिकामं ठेवा एक. … पुष्पावतीबाईसाठी. … व्हय, मीच बोलावते. बसू दे समोर. चष्मा पुसून बसू दे. पंधरा सेकंद लागू देत न्हाई तर ईस लागू देत, बगू दे लेक कशी चालतीय त्ये. आन मग गोळी चालू करून पुन्हा बसवा तिला तिथंच. … लाज? लाज कसली? माझ्या सुनंचं दुखनं हाय, चोरी न्हाई.”

हे बोलून लंकाबाईंना स्वतःलाच जरा बरं वाटलं. पाठ ताठ झाली. हातातला उरलेला अर्धा लाडू त्यांनी आता हक्कानं पाहिला.

“काय? डाक्टर तिथंच हायेत? … कवापासनं? … सुपारीपासनं? … आवो देवा! नमस्कार सांगा त्यास्नी. आन सांगा, लाडवाचं शेवगावला कळवू नका.”

“आत्ता? आत्ता बोलावू तिला? … तुमी तिकडनं घड्याळ लावनार? फोनवरनं? … कागदासाठी न्हाई, नुसतं बगायला. … लावा की! मग बगाच. थांबा, दार उघडते म्हंजी मला दिसंल. … हां. हौदावर बसलीय. मी हाळी देते. निगाली की सांगते.”

“दिपालीऽऽ! ये गं, फोन काप!”

“उठली. … आजून लावू नका, हात पुसतीय. पदर खोचतीय. … रेघंवर आली. … हां, लावा! निगाली!”

“खांब आला… न्हाई धरला. लिवून घ्या, खांब धरला न्हाई. … कोंबडी आडवी आली मधी, त्याचा येळ वजा करा. … न्हाई कसा करत? कोंबडी काय आमी पट्टीवर…”

कोंबडीला वळसा घालून दिपाली येत होती. खाली न बघता. लंकाबाईंनी सवयीनं अंदाज बांधला. अजून खांबापासून उंबरा आहे, तेवढ्यात हा अर्धा होतो, तोंड पुसून होतं, झाकणही लागतं. वरीसभराचा हिशेब होता, तो थोडाच चुकणार? त्यांनी दाराकडं पाठ केली.

“किती झालं? … सात? … बोला की तवर. … व्हय, सोमवारी धा वाजता. … व्हय, गोळ्या सोबत आनते. … आठ? … इहीनबाईला आजच फोन लावते, गोरखला सांगून… नऊ? आगं पन ती आजून कुठं… दहा? काय दहा? … आवो थांबा जरा, मी आजून झाकन—”

काच काळी पडली. तिच्यावर मागून आलेल्या दिपालीचं ओलसर बोट अजून तसंच टेकलेलं होतं, आणि तिचा दुसरा हात डब्याकडं निघाला होता.